आवंढा

तात्यांची मोटर सुरू झाली आणि गटारातलं पाणी गोल फिरायला लागलं.

दिलावर शेख रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसला होता. रमजानचा महिना, दुपारचे साडेतीन, रोजा. आधी त्याला वाटलं, उपाशी पोटी भोवळ आली असेल. डोळे चोळून त्यानं पुन्हा वाकून पाहिलं. काळ्या पाण्यावर लिंबाचं एक वाळकं पान एकाच जागी गिरक्या घेत होतं. बघता बघता ते खाली ओढलं गेलं आणि वर आलंच नाही. पलीकडं रंगनाथतात्यांच्या गोठ्यात मोटर घुमत होती. दहा मिनिटांनी ती बंद झाली आणि गटार पुन्हा निपचित पडलं.

दुसऱ्या कुणाला यातलं ओ की ठो कळलं नसतं. पण दिलावरनं बावीस वर्षं या गावाला पाणी सोडलं होतं. घोडेगावपासून सात-आठ किलोमीटर आत असलेल्या या गावात कुठला पाईप कुणाच्या उंबऱ्याखालून जातो, हे त्याला तोंडपाठ होतं. खालच्या आळीची लाईन बरोबर या गटाराखालून जाते. ती त्यानंच टाकली होती. तात्यांनी मागाहून त्या लाईनला चोरून जोड मारला होता, हे उघड दिसत होतं. सकाळचं पाणी बंद झालं की लाईनीत उरलेलं पाणी ते मोटरीनं ओढत. आणि जोड फुटलेला. मोटर ओढायला लागली की गटारच पाईपात शिरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटलं की तेच पाणी पुढं खालच्या आळीच्या पन्नास घरांच्या हंड्यांत.

आणि खालच्या आळीत तीन आठवड्यांपासून कावीळ होती! तेवीस माणसं पिवळी पडलेली. आरोग्य केंद्राच्या गाडीनं दोनदा येऊन टाकीच्या पाण्याची बाटली भरून नेली. टाकीचं पाणी स्वच्छ निघालं. मग कुणी उसाच्या रसवाल्याला शिव्या घातल्या, कुणी बाजारातल्या भेळवाल्याला. खरं कारण अख्ख्या गावात आता एकट्या दिलावरला कळलं होतं.

तो उठला. पायजमा झटकला. आणि खोटं कशाला बोला, त्याला हसू आलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याला पोटातून, मनापासून हसू आलं.

"प्या तात्या," तो पुटपुटला. "पोटभर प्या."

तो सरळ घरी गेला. वाटेत ग्रामपंचायत लागली, दाराशी रामहरी बसला होता. आता गावाचं पाणी रामहरी सोडायचा. "काय दिलूभाय, कसा काय रोजा?" त्यानं विचारलं. "झ्याक," दिलावर म्हणाला आणि पुढं गेला. तो दिवस बुधवार होता.

आता पाच वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. त्याशिवाय त्या हसण्याचा अर्थ लागायचा नाही.

कोरोनाचं पहिलं वर्ष, लॉकडाऊनचा दुसरा महिना आणि त्यातच रमजान. त्याआधी महिनाभर दिलावरनं तात्यांच्या नळाला लावलेली मोटर पकडली होती. नळाला मोटर लावली की पुढच्या घरांना थेंब येत नाही. त्यानं चार लोकांदेखत पाईप कापला होता. तात्या ग्रामपंचायतीचे मेंबर, जुन्या बागायतदार घरातले. तेव्हापासून ते त्याला पाण्यात पाहू लागले.

एके सकाळी दिलावर टाकीच्या शिडीवर होता. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकून, झाकण लावून तो खाली उतरत होता. मध्यावर आल्यावर तो थांबला, बाजूला वाकला आणि खाली जमिनीवर थुंकला. रोज्यात तो असाच थुंकायचा. थुंकी गिळली तर रोजा तुटतो, असं त्याच्या आम्मानं, खातूनबीनं, तो सहा वर्षांचा असताना शिकवलं होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो रमजानभर थुंकत आला होता. गावाला त्याची सवय होती. पोरं त्यावरून त्याची चेष्टा करत.

त्या सकाळी तात्या त्यांच्या माडीवर मोबाईल घेऊन उभे होते. नऊ सेकंदांचं चित्रण. वाकलेला दिलावर, थुंकलेला दिलावर, मागं टाकी. कुठं थुंकला ते दिसतच नव्हतं. खाली तात्यांनी लिहिलं होतं, 'बघा आपल्या गावाच्या पाण्यात काय चाललंय.' त्या दिवसांत माणसं शेजाऱ्याच्या शिंकेला घाबरत होती. संध्याकाळपर्यंत ते चित्रण पाच गावांत फिरलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीपुढं सगळे जमले, तोंडाला फडकी बांधून. तात्या म्हणाले, "सोपं हाय. कुराणावर हात ठेव आन म्हन, मी थुकलो न्हाई. आमी इस्वास ठेवू."

किती सोपं होतं! एक वाक्य बोलायचं होतं. दिलावरनं हात उचलला, आणि तो हात तसाच अधांतरी राहिला. कारण तो थुंकला होता. शपथ घेऊन खोटं बोलायचं कसं?

"थुकलो," तो म्हणाला. "पन खाली. जमिनीवर..."

'थुकलो'च्या पुढं कुणी ऐकलंच नाही. एकच गलका झाला. त्याच दिवशी त्याचं काम गेलं, आठवड्यात त्याच्या घराचा नळ तोडला. गिरणीवाला त्याचं दळण घेईना. पोरं लांबून त्याच्याकडं बघून थुंकायची आणि पळायची. त्या दिवसांत माणुसकीनं वागली ती एकटी राहीबाई. शेजारची. ती तिच्या दळणात दिलावरचे गहू मिसळून न्यायची आणि मागच्या दारानं पिठाचा डबा ठेवून जायची. "मला काय सांगू नगंस," ती म्हणायची. "तू पान्यात थुकनारा मानूस न्हाईस. संपलं."

पण घरात, खाटेवर पडलेल्या आम्मानं विचारलं होतं, "दिलू, थुक्या क्या रे तू?"

"नीचे थुक्या, आम्मा. जमीन पे."

"थुक्या ना लेकिन," आम्मा म्हणाली आणि तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. जिनं थुंकायला शिकवलं तीच असं म्हणाली! पावसाळा सरता सरता ती गेली. मयतीला गावातलं चिटपाखरू आलं नाही. कोरोना आहे म्हणायची सोय होतीच. चार भाऊबंदांनी जनाजा उचलला. कबरीत माती लोटताना दिलावरच्या तोंडात थुंकी दाटून आली होती. त्या थुंकीसाठी त्याला जमीन नको होती, तात्यांचं तोंड हवं होतं. तेव्हापासून ती तो जपून ठेवत आला होता.

आता कळलं, बुधवारी त्याला हसू का आलं?

त्या बुधवारी संध्याकाळी, रोजा सोडायच्या वेळी, त्यानं बायकोला सांगितलं. जैनब खजूर फोडत होती, तिचा हात थांबला.

"फिर पंचायत में बोले नै तुमे?"

"नै बोला."

"कायकू?"

"मय क्या उनका नौकर है अब?" तो म्हणाला. "मेरे कू निकाले ना? तो पीने दो."

"तात्या एकला पीता क्या वो पानी? पूरी गल्ली पी रही."

"पूरी गल्ली थी ना उस दिन वहाँ? मुँह बाँध को खडी थी ना?"

जैनबनं खजुराची ताटली त्याच्यापुढं सरकवली. त्यांच्या घरात कावीळ यायची भीतीच नव्हती. नळ तोडल्यापासून पाच वर्षं ती दोघं मशिदीजवळच्या हापशाचं पाणी पीत होती. म्हणजे तात्यांनीच त्यांना वाचवलं की! ही गंमत ध्यानात आली तेव्हा दिलावर खजूर खाता खाता एकटाच हसला. जैनबला ते हसणं बरं वाटलं नाही.

पुढचे दिवस त्याचे मजेत गेले. होय, मजेतच. रोज दुपारी तो मोरीवर जाऊन बसायचा. मोटर सुरू व्हायची, गटार गिरकी घ्यायचं, आणि त्याच्या काळजाला थंडावा मिळायचा. तात्यांच्या डोळ्यांत पिवळेपणा आलाय का, ते तो लांबून निरखायचा. आला नव्हता. येईल, तो मनाला सांगायचा. आज नाही तर उद्या. पाच वर्षं थांबलो, अजून पाच दिवस थांबू.

सहाव्या दिवशी तात्यांच्या अंगणात टेम्पो थांबला आणि वीस लिटरचे चार जार उतरले. दिलावरनं रामहरीला विचारलं, "तात्या जारचं पानी पित्यात?"

"कवापासून!" रामहरी म्हणाला. "दोन वरसं झाली. नळाचं पानी फकस्त गोठा धुवायला आन वापरायला. ते काय आपल्यासारखे हायेत व्हय?"

दिलावरच्या तोंडचं पाणीच पळालं. आठवडाभर तो ज्याच्या घशाखाली विष उतरताना बघत होता, तो माणूस त्यातला घोटही घेत नव्हता. पण तरीही तो पंचायतीत गेला नाही. राग असा होता की तो मागं फिरायला तयार नव्हता. आता बोललो तर कुणी विचारेल, इतके दिवस का गप्प होतास. असं म्हणत त्यानं आणखी दोन दिवस काढले.

आठव्या दिवशी, बुधवारी सकाळी, राहीबाईनं भिंतीवरून हाक मारली. "दिलू, जरा येऊन जा रं. न्हानीची तोटी गळतीय."

तो पान्हा घेऊन गेला. राहीबाई साठीची, विधवा, एका लेकीवर जीव असलेली बाई. ओसरीवर तीच लेक, सृष्टी, भिंतीला टेकून बसली होती. पोट चांगलंच पुढं आलेलं. सातवा महिना.

"मामा, कसे आहात?" ती हसून म्हणाली, आणि तिनं शेजारच्या तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून घटाघटा प्यायला सुरुवात केली.

दिलावरच्या हातातला पान्हा खाली पडला. "कवा आलीस तू?"

"झाले की आठ दिवस. मागच्या बुधवारी आले. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ना."

बुधवार. पान गिरकी घेऊन बुडालं तोच बुधवार. तेव्हाच पंचायतीत शिरून चार शब्द बोलला असता, तर या पोरीच्या पोटात त्या पाण्याचा एक थेंबही गेला नसता. राहीबाईचं घर खालच्या आळीत, हे काय त्याला माहीत नव्हतं? माहीत होतं. पण तात्यांचं तोंड डोळ्यांपुढं असल्यावर बाकी काही दिसतच नव्हतं त्याला.

तोटीचं काम अर्धवट टाकून तो निघाला. "आक्का, तिला नळाचं पानी देऊ नका," एवढंच तो म्हणाला. "हापशाचं आना. उकळून द्या."

पंचायतीच्या ओट्यावर आरोग्य केंद्राच्या मोनिका सिस्टर गोळ्या वाटत होत्या. त्यानं त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "म्याडम, पोटुशी बाई आसंल तर ह्या काविळीचं काय?"

"तिला फार वाईट," सिस्टर म्हणाल्या. "इतरांना ही कावीळ होते आणि बरी होते. पण दिवस गेलेल्या बाईला... जिवावरच बेतू शकतं, तिच्या आणि बाळाच्याही. का? घरात कुणी आहे?"

"मंग आठ दिवस पानी पिऊन काय झालं न्हाई म्हंजे न्हाईच ना?"

"तसं नाही मामा. आज प्यायलेलं लगेच दिसत नाही. पंधरा दिवसांनी दिसेल, नाहीतर दीड-दोन महिन्यांनी. तोवर नुसती वाट बघायची."

तिथून तो मशिदीत गेला. नमाज पढवायला शेवगावकडचा एक तरुण हाफिज होता, तिशीच्या आतला. दिलावरनं त्याला नाव-गाव न सांगता सगळं विचारलं. समजा, एक माणूस आहे. त्याच्यावर जुलूम झालाय. आणि गावाच्या पाण्यात काय शिरतंय, हे त्याला कळलंय. तो गप्प बसला, सबर केला, तर?

"ये सबर नहीं है, चाचा," हाफिजजी म्हणाले. ते दिलावरकडं पाहत नव्हते, चटईची कड सरळ करत होते. "पानी लोगों का हक है. जो जानता है और नहीं बताता, वो हक दबाके बैठा है. और जिसका हक दबाया, माफी उसी से लेनी पडती. अल्लाह भी बोलता, पहले उसके पास जाओ."

"और जिसने उस आदमी पे जुलूम किया? उसको माफ करना जरूरी है क्या?"

"करे तो बडी बात है. नहीं करे तो उसकी मर्जी. वो उसका अपना हक है. पानी अलग, माफी अलग."

दिलावर उठला, दारापर्यंत गेला, आणि सवयीनं चप्पल घालायच्या आधी पायरीपलीकडं मातीत थुंकला. मागून हाफिजजी हसले. "चाचा, एक बात बोलूं? थूक निगलने से रोजा नहीं टूटता. किसने बोला आपको?"

"क्या?"

"मुँह की थूक है, मुँह में ही रहती. निगल लेने का. कुछ नहीं होता."

दिलावर पायरीवर तसाच उभा राहिला. चप्पल एका पायात, दुसरा पाय उघडा. एवढंच होतं तर! गिळली असती तर चाललं असतं. त्या शिडीवर एक आवंढा गिळला असता, तर नोकरी गेली नसती, नळ तुटला नसता, आम्मा भिंतीकडं तोंड करून मेली नसती. आम्माला तरी कुणी चुकीचं शिकवलं होतं? त्याला तिचा राग आला, मग रागाची लाज वाटली, आणि शेवटी सगळा राग फिरून होता तिथंच, तात्यांवर, येऊन बसला. पाणी वेगळं, माफी वेगळी. ठीक आहे. पाणी देतो. पण असं देतो की गाव बघत राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, पाणी बंद झाल्यावर, त्यानं मोनिका सिस्टर, सरपंच आणि अर्धं गाव मोरीवर गोळा केलं. त्याच्या हातात कपड्यांना घालायच्या निळीच्या दोन बाटल्या होत्या.

"तात्या, तुमच्या गोठ्यातली मोटर कशाची?" त्यानं विचारलं.

तात्या धोतर सावरत पुढं आले. "बोअरची. का? आता बोअरलाबी तुझी परवानगी लागती का?"

"न्हाई न्हाई. बोअरचं पानी चांगलं आसंल तर खालच्या आळीला तिथनं देता येईल, आसं म्याडमला म्हनलो मी. जरा चालू करून दावा की."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? तात्या आत गेले, बटण दाबलं. इकडं दिलावरनं दोन्ही बाटल्या गटारात रिकाम्या केल्या. काळ्या पाण्यावर निळं वर्तुळ उमटलं, गिरकी घ्यायला लागलं, बारीक होत गेलं आणि खाली गेलं. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. दिलावर गोठ्याबाहेर तात्यांच्या हौदात सुटणाऱ्या पाईपाकडं बघत राहिला.

पाच मिनिटं पांढरं पाणी आलं. मग गढूळ आलं. आणि मग पाईपातून निळंशार पाणी धो-धो हौदात पडायला लागलं.

"बोअर लई खोल दिसतीया तात्या," रामहरी म्हणाला. कुणी हसलं नाही. पण बघता बघता तीस-चाळीस मोबाईल वर झाले. निळं पाणी, तात्या, गटार, पुन्हा तात्या. दिलावरनं ते डोळे भरून पाहून घेतलं. ह्या क्षणासाठी तो पाच वर्षं जगला होता.

"मला ठावं नव्हतं," तात्या म्हणाले. "जोड फुटला ह्ये देवाशप्पथ ठावं नव्हतं."

"ते ऱ्हाऊ द्या. दुसरं ईचारतो," दिलावर म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं तात्यांना एकेरी हाक मारली. "रंगनाथ, त्या दिवशी मी कुठं थुकलो? तू माडीवर हुतास. तुझ्या डोळ्यानं तू बघितलंस. टाकीत का खाली?"

सत्तरीकडं झुकलेला माणूस. हौदाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. ज्यांच्या घरात कावीळ होती त्या बायका त्याच्याकडं बघत होत्या.

"खाली," तो म्हणाला.

"मोठ्यानं."

"खाली थुकला तू. जमिनीवर. मला दिसलं हुतं." मग त्यानं दोन्ही हात जोडले. "चुकलो मी दिलावर. मोठं मन कर. माफ कर मला."

सगळे दिलावरकडं पाहायला लागले. अशा वेळी माणसं एकमेकांना धरून रडतात, गावाला तेच पाहायचं होतं. दिलावरच्या तोंडात थुंकी जमली होती, आणि समोर हवं ते तोंड होतं, दोन हातांवर.

"लाईन मी दुरुस्त करतो," तो म्हणाला. "आजच्या आज. गावाचं पानी गावाला. पन माफी न्हाई. ती माझ्या आम्माकडं मागायची हुती, ती गेली."

आणि तो वळला. ताठ मानेनं वळला. लोकांनी वाट करून दिली. त्या वाटेच्या टोकाला राहीबाई उभी होती.

"दिलू," तिनं विचारलं, "तुला ह्ये कवा कळलं?"

साधा प्रश्न. 'आज सकाळी' म्हणायचं होतं. कुणी शपथ मागितली नव्हती, कुराणावर हात ठेवायला सांगितलं नव्हतं. दोन शब्दांत काम झालं असतं, आणि गावानं त्याला डोक्यावर घेतलं असतं.

"मागल्या आठवड्यात, बुधवारी," दिलावर म्हणाला.

राहीबाई हिशोब करत होती. तिचे ओठ हलताना त्याला दिसले. "बुधवारी तर माझी सृष्टी आली," ती सावकाश म्हणाली. "आन तू आट दिस... भिताडापल्याड ऱ्हातोस रं तू."

"आक्का, मला माफ..."

"आता काय बोलू नगंस," राहीबाई म्हणाली आणि पदर सावरून घराकडं निघाली. मागं एक मोबाईल अजून चालूच होता.

दिलावरनं त्या दिवशी रोज्याच्या तोंडानं, उन्हात, सहा तास खोदून तो जोड काढला. आठवड्यानं पंचायतीनं त्याला पुन्हा कामावर बोलावलं. ठरावात लिहिलं, 'गैरसमजातून कमी केले होते'. त्यानं सही केली. घरचा नळही परत आला. पण जैनब पाणी हापशावरूनच आणत राहिली.

ईदच्या दिवशी तो शीरखुर्म्याची वाटी घेऊन राहीबाईच्या दारात गेला. दरवर्षी जायचा. राहीबाईनं वाटी घेतली. "पोर झोपलीय," म्हणाली आणि दार लोटून घेतलं. त्या गावात कुणाची वाटी कुणी रिकामी परत करत नाही. निदान साखरेचे चार दाणे तरी घालतात. दिलावर त्या वाटीची वाट पाहत राहिला. पंधरा दिवस झाले, महिना झाला. टाकीच्या शिडीवरून राहीबाईचं अंगण दिसायचं. सृष्टी सकाळच्या उन्हात बसलेली असायची. इतक्या लांबून डोळ्यांचा रंग कुठला दिसायला? तरी तो रोज बघायचा. तेविसाचे एकतीस रुग्ण झाले आणि मग थांबले. त्यात ती नव्हती. मनात तो रोज अल्लाला म्हणायचा, एवढी पोर सोड. तात्यांना काय ते मी बघतो, पोर सोड.

मेच्या मध्यावर सृष्टी बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप. रामहरीनं खालून ओरडून सांगितलं तेव्हा दिलावर शिडीवर होता. त्यानं दोन्ही हातांनी लोखंड घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले.

दोन दिवसांनी तो टाकीवर टीसीएल टाकत असताना राहीबाई तिथं आली. वर बघितलं. तो काही बोलायच्या आत तिनं पदराखालून वाटी काढली, शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवली आणि आली तशी निघून गेली.

दिलावर घाईघाईनं उतरला. वाटी उचलली. घासून-पुसून लख्ख केलेली, कोरडी. आत काही नव्हतं. त्यानं ती उलटी करून बघितली, पुन्हा सरळ केली. साखरेचा दाणाही नव्हता.

माडीवर तात्या उभे होते, ते बघत होते. दिलावरच्या तोंडात थुंकी दाटली. रमजान कधीच सरला होता, रोज्यापायी थुंकायची गरज नव्हती, पण तात्यांकडं बघून थुंकायला आता कुणाची आडकाठीही नव्हती. त्यानं आवंढा गिळला, वाटी खिशात घातली आणि खालच्या आळीचा व्हॉल उघडायला निघाला. पाण्याची वेळ झाली होती.